मडक्याच्या तोंडाचं फडकं

एका गावात एक दही होतं. गावात माणसंही होती, देऊळ होतं, नदी होती, पण पंचक्रोशीत गाव ओळखलं जायचं ते दह्यावरून. वाटी उपडी केली तरी खाली पडायचं नाही. वर सायीचा जाड थर. चव अशी, की आंबट म्हणावं तर गोड लागायचं आणि गोड म्हणावं तर जीभ हळूच चुणचुणायची. हे दही लावायचा दाजिबा. त्याच्या आधी त्याचा बाप लावायचा आणि बापाच्या आधी आजा. विरजण मात्र तेच, आज्याच्या वेळचं. आजचं चमचाभर दही उद्यासाठी ठेवायचं, उद्याचं परवासाठी. अशी ती साखळी कधी तुटली नव्हती.

आता विरजणाची गंमत अशी, की ते चोरायला दरोडा घालावा लागत नाही. चमचाभर दही घरी न्यायचं, कोमट दुधात घालायचं, की झालं. दाजिबाच्या आज्याला ही गोष्ट फार टोचायची. म्हणून त्यानं नियम केला की दही खायचं ते आपल्या ओट्यावर बसूनच, घरी न्यायचं नाही. खाऊन झालं की वाटीत पाणी ओतायचं, वाटी विसळायची आणि ते पाणीसुद्धा पिऊन टाकायचं. दह्याच्या मडक्याला बांधलेलं फडकं त्याच दिवशी राखेच्या पाण्यात उकळायचं. चैत्री पौर्णिमेच्या जत्रेत देवीला दहीभाताचा पहिला नैवेद्य याच घरातून जायचा. हा या घराचा मोठा मान. पण तो दहीभातसुद्धा वरून कडकडीत फोडणी घालूनच जायचा. फोडणीच्या दह्याचं कोण काय विरजण लावणार, असा आज्याचा हिशेब. एकदा म्हणे एका पाहुण्यानं शेवटचा घास गालात धरून गावाबाहेर सटकायचा बेत केला होता, पण वेशीपाशी त्याला शिंक आली.

दाजिबानं हे सगळे नियम जसेच्या तसे पाळले. तसा माणूस लोण्यासारखा मऊ. ओट्यावर आलेला कुणी उपाशी दिसला, तर त्याला दुसरी वाटी न मागता मिळायची. पण विरजणाचं नाव निघालं की त्याचा चेहरा बंद व्हायचा. बाळंतिणीला ओट्यापर्यंत येता यायचं नाही, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला यायचं नाही. त्यांना दही मिळायचं नाही. कुणी रदबदली करायला आलंच, तर दाजिबा घराण्याची म्हण ऐकवायचा, की लेक द्यावी पण विरजण देऊ नये. या म्हणीपुढं कुणाचं काही चालायचं नाही.

त्याला लेक एकच, केशर. माघात तिचं लग्न झालं. दोन डोंगर ओलांडून पलीकडच्या गावात दिली. निघायच्या वेळी ती दह्याच्या मडक्यापाशी उभी राहिली.

"आबा, चमचाभर विरजण द्या. तिकडं दही पाणचट लावतात म्हणे."

 द्यावंसं दाजिबाला फार वाटलं. पण तोंडातून बाहेर पडली ती म्हणच.

"लेक द्यावी पोरी, पण विरजण देऊ नये."

 केशरनं मडक्याच्या तोंडाचं फडकं सोडलं, त्याला डोळे पुसले आणि ते तसंच मुठीत धरून बैलगाडीत बसली. दाजिबा पाठ फिरवून स्वतःचे डोळे पुसत होता, त्याला ते दिसलं नाही. त्याच्या बायकोला, अनसाबाईला, दिसलं. ती गप्प बसली. आईनं गप्प बसण्यात कधीकधी फार शहाणपण असतं.

त्याच गावाच्या टोकाला हौसा नावाची एक तरणी बाई राहायची. तिचा नवरा बिरा मेंढरं घेऊन आठ-आठ महिने रानोमाळ हिंडायचा. रानात दूध होतं, भाकरी होती, पण दही नव्हतं. रोज मुक्काम हलणाऱ्या माणसानं विरजणाचं गाडगं सांभाळायचं कसं? हौसाला नवऱ्याची कोरडी भाकरी डोळ्यांसमोर दिसायची. तिनं ठरवलं की प्रवासाला जाईल असं विरजण आपण करायचं.

मग तिनं जे उद्योग केले त्यांनी गावाची चांगली करमणूक झाली. तिनं घोंगडीचा तुकडा दह्यात बुडवून वाळवला, तर दह्याला मेंढीचा वास आला. लुगड्याची चिंधी बुडवून उन्हात वाळवली, तर दुधाला ढिम्म काही झालं नाही. बायका पाणवठ्यावर विचारायच्या, "हौसाबाई, आज काय नासवलं?" हौसाही हसत सांगायची. शेवटी तिनं जुनेराची मऊ पट्टी दह्यात भिजवून सावलीत, वाऱ्यावर वाळवली आणि बिराबरोबर धाडून दिली. बिरानं ती रानात शेळीच्या कोमट दुधात सोडली. सकाळी दही लागलेलं होतं.

युक्ती साधली, पण दही काही खरं नव्हतं. हौसाचं विरजण मिरचीच्या देठांवर लावलेलं. दही व्हायचं तारदार आणि आंबटढाण. बिरा बायकोच्या प्रेमापोटी झकास झकास म्हणत खायचा, पण त्याचं कुत्रं प्रेमात नव्हतं. ते वास घेऊन निघून जायचं.

म्हणून एक दिवस हौसा सरळ दाजिबाच्या ओट्यावर आली. लपवाछपवी तिला जमायची नाही. वाळलेली पट्टी तिनं त्याच्यापुढं ठेवली आणि ती कशी करायची हेही सांगून टाकलं.

"काका, तुमचं दही झकास, पण ते ओटा उतरत न्हाई. माझी पट्टी डोंगर चढती, पण तिच्यात दम न्हाई. दोन्ही एक करू या की."

दाजिबाला राग आला. त्याहून जास्त भीती वाटली. आज्यानं ज्याच्यासाठी एवढे नियम केले, ते विरजण ही पोरगी चिंधीला लावून रानात धाडायला निघाली होती. त्यानं तिला म्हण ऐकवली. हौसानं पट्टी उचलली, वाटीतलं दही खाल्लं, वाटी विसळून पाणी प्यायली आणि गेली. नियम तिनंही मोडला नाही.

पण दाजिबाचं मन काही थाऱ्यावर येईना. पट्टीची युक्ती कळल्यापासून त्याला जिकडंतिकडं फडकी दिसायला लागली. कुणाच्या खांद्यावर पंचा दिसला तरी त्याला वाटायचं, हा टेकला तर नाही ना मडक्याला? तेवढ्यात पाहुण्यांकडच्या लग्नाचं बोलावणं आलं. दोघं नवरा-बायको जाणार, घरात कुणी नाही. दाजिबानं काय केलं, विरजणाचं गाडगं लाकडी पेटीत ठेवलं, पेटीच्या फटी शेणामातीनं लिंपल्या आणि वर कुलूप घातलं. अनसाबाई म्हणाली की विरजणाला रोज ताजं दूध लागतं, शेजारी कुणाला तरी सांगून जाऊ. दाजिबा म्हणाला की शेजाऱ्यांपासूनच तर ते सांभाळायचं आहे.

लग्नघरात आग्रह झाला, मुक्काम वाढला. फाल्गुनअखेरचं ऊन भाजून काढत होतं. परत येऊन पेटी उघडली तेव्हा त्यातून असा वास आला, की अनसाबाईनं पदर नाकाला लावला. गाडग्यात गुलाबी बुरशी धरली होती. तीन पिढ्यांत जे कुणाला चोरता आलं नाही, ते दाजिबानं स्वतः कुलूप लावून घालवलं होतं.

आणि जत्रा तोंडावर आली होती.

दाजिबानं आधी ही गोष्ट लपवली. गिऱ्हाइकं आली की पाठदुखीचं निमित्त सांगायचा. आत कोंडून घेऊन त्यानं चिंच घालून पाहिली, लिंबू पिळून पाहिलं, मिरचीची देठंही टाकून पाहिली. पाणी वेगळं, गोळे वेगळे असलं काहीतरी व्हायचं. ज्या गवळ्यांच्या घरचं दूध तो वर्षानुवर्षं घेत होता, ते भरल्या घागरी घेऊन दारातून परत जायला लागले. नैवेद्य या वर्षी दुसऱ्या घरातून न्यावा का, अशी कुजबुज देवळात सुरू झाली. एकानं तर हौसाला विचारलंही. ती म्हणाली, "माझ्या दह्याला आमचं कुत्रं तोंड लावीना, ते देवीपुढं कुठं नेऊ?"

हे अनसाबाईच्या कानावर आलं. ती नवऱ्यापुढं येऊन बसली. इतकी वर्षं ती त्याच्या म्हणीपुढं बोलली नव्हती.

"अवं, नासलंय हे कुणाला सांगितलंच न्हाई, तर उपाय कोण सांगंल? त्या हौसाकडं जावा."

दाजिबाला आपल्याच ओट्याच्या पायऱ्या उतरणं फार जड गेलं. ज्या बाईला त्यानं चमचाभर विरजण नाकारलं, तिच्या दारात आता रिकामं गाडगं घेऊन उभं राहायचं होतं. तरी तो गेला. त्यानं सगळं खरं सांगितलं, पेटी, कुलूप, लिंपलेल्या फटी, काही लपवलं नाही. हौसा हसली असती तरी त्याला ते सोसावं लागलं असतं. ती हसली नाही. तिला विरजण बिघडण्याचा दांडगा अनुभव होता.

ती विचार करून म्हणाली की तुमचं दही कधी कुठल्या फडक्याला लागून वाळलं असेल, आणि ते फडकं धुतलं गेलं नसेल, तर त्यात विरजण अजून झोपलेलं असेल. ते जागं करायचं माझ्याकडं लागलं.

दाजिबाचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच उतरला. त्याच्या घरात न धुतलेलं फडकं कुठलं? प्रत्येक फडकं राखेच्या पाण्यात उकळायचं, हा तर नियमच होता. तो घरी आला आणि खांबाला टेकून बसला. हौसा काय म्हणाली ते त्यानं अनसाबाईला सांगितलं.

 तेव्हा अनसाबाईनं केशरच्या मुठीतल्या फडक्याची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या दिवशी दाजिबानं दोन डोंगर ओलांडले. वाटेत त्यानं मनात शंभर वाक्यं जुळवली आणि शंभरही मोडली. लेकीच्या दारात पोचला तेव्हा त्याच्यापाशी एकही उरलं नव्हतं. बापाला असं अचानक, घामानं निथळताना पाहून केशर घाबरली. आईचं काही बरंवाईट झालं की काय, असं तिला वाटलं. तिनं पाणी दिलं. 

तांब्या रिकामा करून दाजिबा म्हणाला, "विरजण गेलं, पोरी. अन् तुझ्याकडं मागायला आलोय. मागायची लाज वाटती."

"मला कुठं वाटली होती, आबा?" केशर म्हणाली.

ती रागानं म्हणाली नव्हती, म्हणूनच दाजिबाला ते जास्त लागलं. लेकीला चमचाभर दही न देता सासरी धाडलेला बाप आपण, हे त्याला आज पहिल्यांदा नीट दिसलं. त्याचे डोळे भरून आले आणि या वेळी त्यानं पाठ फिरवली नाही.

केशरनं आत जाऊन ट्रंक उघडली. लुगड्यांच्या तळाशी ते फडकं घडी घालून ठेवलेलं होतं. माहेरची आठवण आली की ती त्याचा वास घ्यायची, म्हणून तिनं ते धुतलं नव्हतं. फडक्याच्या मधोमध वाळलेल्या दह्याचा पिवळसर गोल होता. त्यात विरजण असेल हे तिला माहीतच नव्हतं. दाजिबानं हौसाची युक्ती समजावून सांगितली. केशरनं ती लक्ष देऊन ऐकली, फडकं दोन्ही हातांत धरलं आणि त्या गोलाच्या बरोबर मधून टर्रकन फाडलं.

दाजिबा एकदम पुढं सरसावला. "अगं, फाडलंस का?"

"अर्धं तुमच्या मडक्याला, अर्धं माझ्या. तुमच्याकडचं परत कधी नासलं, तर पुन्हा यायला एक घर नको का?"

दाजिबा अर्धं फडकं घेऊन परतला. वाटेत त्यानं ते एखाद्या पिलासारखं कनवटीला जपलं.

मग त्याच्या स्वयंपाकघरात हौसा आली. घराण्यातल्या कुणाशिवाय त्या चुलीपाशी कधी कुणी बसलं नव्हतं. हौसानं फडक्याचा तुकडा कोमट दुधात सोडायला घेतला, तशी दाजिबानं दुधात करंगळी बुडवली आणि तिला थांबवलं. तिचं कोमट म्हणजे जरा जास्तच कढत होतं. तिचं दही तारदार का व्हायचं, हे त्याला त्या करंगळीनं सांगितलं आणि त्यानं तिला सांगितलं. त्यातही काही लपवलं नाही.

पहिलं दही सैल झालं. दाजिबा डोक्याला हात लावून बसला.

"झोपलेलं हाय, काका," हौसा म्हणाली. "लेकरू उठवतो तसं उठवायचं. अजून दूध पाजू."

तिनं त्या सैल दह्याचं विरजण काढून पुन्हा लावलं. मग ते जरा आळलं. त्याचं आणखी एकदा लावलं. आटवलेलं दूध दाजिबाचं, दह्याचा वास वर्षानुवर्षं मुरलेलं मडकं दाजिबाचं, आणि धीर हौसाचा. जत्रेच्या दिवशी सकाळी अनसाबाईनं मडक्याचं फडकं सोडलं, एक वाटी भरली आणि कुणाला न विचारता उपडी केली. दही पडलं नाही. दाजिबानं बोटभर चाखलं. आंबट म्हणावं तर गोड लागलं. तो तिथंच जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा हसायला लागला.

नैवेद्याची वेळ झाली. अनसाबाईनं सवयीनं फोडणीची पळी तापत ठेवली होती. दाजिबानं ती चुलीवरून उतरवली. त्या वर्षी देवीला पहिल्यांदाच बिनफोडणीचा दहीभात गेला. दाजिबा रिकामं गाडगं घेऊन हौसाच्या दारात गेला होता, तेव्हाच तिनं युक्तीचा मोबदला म्हणून दोनच गोष्टी मागितल्या होत्या. तिच्या पट्ट्यांना दाजिबाचं विरजण मिळावं आणि ओट्यावरचं वाटी विसळून पाणी प्यायचं बंद व्हावं. दाजिबानं दोन्ही मान्य केल्या. काही म्हातारी माणसं तरीही वाटी विसळून पीत राहिली. त्यांना ते पाणीच जास्त आवडायचं.

पुढं दाजिबाच्या घरात पट्ट्या तयार व्हायला लागल्या. मडकी त्याची, नाव त्याच्या घराण्याचं, वाळवण हौसाचं, आणि मिळकतीत दोघांचा वाटा सारखा. बाळंतिणींच्या घरी दही गेलं, म्हाताऱ्यांच्या अंथरुणापाशी गेलं. मेंढपाळ पट्ट्या घेऊन डोंगर चढले. बिराच्या कुत्र्यानंसुद्धा अखेर दह्याला तोंड लावलं आणि गाडगं चाटून साफ केलं. दाजिबाचं दही गावोगाव लागायला लागलं, तरी ओट्यावरची गर्दी काही घटली नाही. उलट दूरच्या लोकांना मूळ दही चाखायची हौस लागली. गवळ्यांच्या घागरी पुरेनाशा झाल्या.

दुसऱ्या वर्षी केशर माहेरी आली ती आपल्या सासरच्या म्हशीच्या दुधाचं, तिच्या अर्ध्या फडक्यावर लावलेलं दही घेऊन. ते दाजिबाच्या दह्याहून घट्ट होतं. दाजिबानं हे कबूल केलं नाही. त्यानं फक्त दोन वाट्या खाल्ल्या आणि मग म्हशीला काय चारता, असं सहज विचारल्यासारखं विचारून घेतलं. त्या उन्हाळ्यापासून गावातल्या गवळ्यांच्या गुरांच्या वैरणीत बदल झाला.

आणि त्या गावात एक नवी रीत पडली, ती अजून चालू आहे. लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत खण, नारळ, तांदूळ यांच्याबरोबर विरजणाची एक वाळलेली पट्टी घालतात. दाजिबा होता तोवर पट्टी घालायला तो स्वतः जायचा. नवरी वाकून नमस्कार करायची आणि म्हातारा तिला घराण्याची म्हण सांगायचा. म्हण तीच होती, फक्त थोडी दुरुस्त झाली होती.

"लेक द्यावी, अन् विरजणासकट द्यावी."

तात्पर्य: विरजण कोंडलं की नासतं आणि वाटलं की वाढतं, जुन्या मोठ्या कंपनीच्या हुन्नराचं आणि कालच्या स्टार्टअपच्या युक्तीचंही तसंच आहे. आपल्याजवळचं दाराबाहेर जाऊ द्यावं आणि बाहेरचं चुलीपर्यंत येऊ द्यावं, कारण आपलं मडकं नासतं त्या दिवशी आपण इतरांच्या घरी जिवंत राहू दिलेलं असतं तेवढंच आपल्या कामी येतं.